लागू नसेल ते खोडावे

टू-स्ट्रोक इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. ते चालू न व्हायला मी एकटा पुरतो, असं आमच्या बिल्डिंगमधल्या बावीस बिऱ्हाडांनी अकरा दिवसांत ठरवून टाकलं. त्यावर माझं मत कुणी विचारलं नाही. वास्तविक मी तब्बल चौदा वर्षं स्कूटर चालवलेली आहे आणि तीही टू-स्ट्रोकच होती. सकाळी रुसली की तिला कुशीवर आडवी करायची, पोटात पेट्रोल गुळगुळल्याचा आवाज आला की उभी करायची आणि किक मारायची. एवढं शास्त्र ज्याला अवगत आहे त्याने बोटीच्या इंजिनाला हात घालायला हरकत नसावी, असं मला वाटलं. हात दाखवून अवलक्षण ही म्हण माझ्याआधीपासून प्रचारात आहे, एवढंच समाधान.

बोट माझ्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाची. पेशाने तो चष्मे विकायचा, पण रविवारी बोट घेऊन तलावात जायचा म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. लग्न केलेलं नव्हतं. ही जेट बोट, म्हणजे हिला बाहेर पंखा नसतो, पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, तेवढ्यावर ती पळते. दोन वर्षांपूर्वी एका धुक्याच्या सकाळी कॅप्टन असाच निघाला. दुपारी बोट पलीकडच्या काठाला लव्हाळ्यात अडकलेली सापडली. इंजिन बंद, टाकी अर्धी भरलेली, सीट कोरडी. कॅप्टन सापडला नाही. पाणबुड्यांनी नऊ दिवस शोधलं तरी सापडला नाही.

बोट तेव्हापासून जलवाहतूक कार्यालयाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. दोन वर्षं पुरी झाल्यावर पत्र आलं की बोट ताब्यात घ्यावी आणि प्रकरण निकाली काढावं. तिथल्या कारकुनाने माझ्यापुढे एक फॉर्म सरकवला. त्यावर एकच ओळ महत्त्वाची होती: 'इंजिन चालू / बंद. लागू नसेल ते खोडावे.' मी स्वतः वीजमीटरच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीवर बसतो, त्यामुळे फॉर्मला मी घाबरत नाही. पण हा फॉर्म वेगळाच होता. 'चालू' खोडलं तर बोट भर पाण्यात बंद पडली, माणूस अपघातात गेला, दाखला मिळेल. 'बंद' खोडलं तर बोट सुस्थितीत होती, माणूस आपल्या मर्जीने कुठेतरी गेला असण्याची शक्यता आहे, फाईल आणखी पाच वर्षं उघडी. मी विचारलं, इंजिन आज चालू होत नाही पण प्रयत्न केल्यास होईल, असं असलं तर? त्याला रकाना नाही, असं त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. त्याचा सूर ऐकून माझ्या खिडकीपुढच्या लोकांना रोज काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

सासूबाई दोन वर्षं आमच्याकडेच राहतात. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी फॉर्म वाचून त्यांनी घडी घातली आणि म्हणाल्या, "जावईबापू, एवढं इंजिन चालू करून बघा. चालू झालं तर माझा मुलगा पलीकडच्या काठाला उतरून गेला, कुठे का असेना, आहे. नाहीच झालं, तर सही करते मी."

बायको आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. रात्री मला म्हणाली, बंद लिहून द्या आणि मोकळे व्हा, कशाला त्याच्या मागे लागता. पण मी शब्द देऊन बसलो होतो. पुढच्या गुरुवारी निरीक्षक तपासणीला येणार होते, तोवर चालू करून दाखवतो म्हणालो होतो. जावयाच्या अब्रूचा प्रश्न होता.

बोट ट्रॉलीवरून आणून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभी केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नियमावली काढून पाहिली. दुचाकी, चारचाकी आणि सायकल यांचा उल्लेख होता, बोटीचा नव्हता, म्हणून तिला 'पाहुण्यांची गाडी' या सदरात बसवण्यात आलं. पाहुण्यांच्या गाडीला बारा दिवसांची मुदत असते.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तो प्रसंग मी विसरणार नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नव्यात ऑइल मोजून मिसळलं होतं, बॅटरी नवी होती, पंधरा-वीस मंडळी जमली होती. किल्ली फिरवल्यावर इंजिन तीनदा खाकरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तीनदा, आणि शांत. कॅप्टनला बोलण्याआधी घसा साफ करायची सवय होती. तीनदा खाकरायचा आणि मग सुरू व्हायचा. मी स्वतःला बजावलं की स्टार्टर मोटर आहे, खाकरणारच. पण वर पाहिलं तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सासूबाई पुढे वाकून उभ्या होत्या, पुढचा शब्द ऐकायला थांबल्यासारख्या. आणि आमच्या घराच्या बाकीच्या खिडक्या बायको एकेक करून आतून लावत होती.

दुसऱ्या मजल्यावर भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर राहतात. ते खाली कधी उतरले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून, चहा घेत, उंटावरून शेळ्या हाकत राहिले. चोक पुढे, चोक मागे, थ्रॉटल अर्धा, आता थांबा, आता जास्त पेट्रोल झालं. माझ्या आयुष्यात मी इतक्या आज्ञा लग्न लागतानाच पाळल्या असतील. संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरली. शेवटचं खाकरणं अगदी बारीक, दमल्या माणसाचं होतं. गर्दी त्यानंतर टोमणे न मारताच पांगली.

मग मिस्त्री आला. कोपऱ्यावर मोटरसायकली दुरुस्त करतो, आणि कुठलीही गाडी आली की आधी प्लग काढतो म्हणून त्याचं नावच प्लग पडलं आहे. त्याने बोटीचा प्लग काढला, बॉडीला टेकवला, मला किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला. ठिणगी नाही. मग कॉइल बदलली, वायरी तपासल्या, लाल स्टॉपचं बटण चार वेळा दाबून पाहिलं. ते आत दबलेलंच होतं, आणि तसंच असतं असं आम्ही सगळे धरून चाललो, कारण स्कूटरवाल्यांना तेवढंच माहीत. ठिणगी नाही ती नाहीच. शेवटी आपली विद्या संपली हे कबूल करायच्या ऐवजी प्लग म्हणाला की पाणी ओढणारा पंप जाम झाला असेल, खालून जाळी उघडू.

जाळी उघडून त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढायला लागला. शेवाळ आलं. लांबच लांब, काळं, केसांसारखं. संपेचना. मग प्लगचा हात थांबला. "काहीतरी आहे," तो म्हणाला. वरून मास्तरांचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. प्लगने डोळे मिटून हात बाहेर काढला. मुठीत एका चपलेचा अंगठा होता.

सासूबाई लिफ्टसाठी थांबल्या नाहीत. तीन मजले जिन्याने उतरून आल्या. तो अंगठा त्यांनी हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला. "बायकी आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्याला नऊ नंबर लागतो." अंगठा परत प्लगच्या हातात देऊन त्या जिन्याने वर गेल्या. 'लागायचा' नाही, 'लागतो' म्हणाल्या, हे मला जेवताना जाणवलं.

बोट आडवी करायची कल्पना माझी. ती माझीच आहे हे मी नाकारत नाही, सेक्रेटरी मात्र आपण हो म्हटल्याचं आता नाकारतात. त्यांच्याकडेही कधीकाळी टू-स्ट्रोक स्कूटर होती, मास्तरांकडे होती, प्लगने तर त्यांवरच पोट भरलं. स्कूटरला जे लागू पडतं ते बोटीला का पडू नये, यावर एकमत व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आम्ही सहा जणांनी बोट ट्रॉलीवरच धरून डाव्या कुशीवर कलती केली आणि 'गुळुक' ऐकायला कान लावले. आवाज आला, पण तो पेट्रोलचा नव्हता. कुठल्याशा सांदीतून पाणी वाहायला लागलं. दोन बादल्या तरी असेल, आणि सगळं सेक्रेटरींच्या बुटांत. बर्फासारखं गार, तलावाच्या तळाचा वास असलेलं. दोन वर्षं कोरड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली बोट. मास्तरांनी वरून खुलासा केला की बोट तरंगावी म्हणून फ्लोअरखाली भरलेल्या फोममध्ये पाणी मुरून राहतं. असेल. पण फोममधलं पाणी भर दुपारी इतकं गार कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. सेक्रेटरींनीही तक्रार केली नाही. बूट तिथेच काढून ठेवून अनवाणी घरी गेले, आणि ते बूट दुसऱ्या दिवशी कचऱ्यात दिसले.

आता एक गोष्ट अशी की जी मी कुणाला सांगितलेली नाही. मी संध्याकाळी बोटीचं तोंड भिंतीकडे करून जायचो. सकाळी ते तलावाच्या रस्त्याकडे असायचं. एकदा नाही, तीनदा झालं. ट्रॉलीला मधोमध दोन चाकं आणि पुढे एक छोटं चाक, बोटाने ढकललं तरी वळते. मला वाटलं, सासूबाई. चौथ्या दिवशी मी आडून आडून विषय काढला, की आई, खाली गारठा असतो, तुम्ही रात्री उतरत जाऊ नका. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्हीच वळवता. त्यानंतर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. मी चाकाखाली दोन विटा लावल्या आणि सकाळी दुसरीकडेच बघत ऑफिसला जायला लागलो.

मंगळवारी ऑफिसातून लवकर आलो तर बोटीत कुणीतरी बसलेलं दिसलं. जवळ गेलो. बायको होती. चालवणाऱ्याच्या सीटवर ताठ बसली होती, आणि डाव्या हाताने उजवं मनगट गच्च धरलेलं होतं. मला पाहून उतरली. सीट पुसत होते म्हणाली. हातात फडकं नव्हतं. एकोणीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला फडकं नसल्याचं दिसतं, पण ते बोलून दाखवायचं नसतं, हेही तो तेवढ्याच वर्षांत शिकतो.

बुधवारी प्लगने हात टेकले. पैसे घ्यायलाही तयार होईना. पाने-पकडी गुंडाळताना म्हणाला, "साहेब, वीस वर्षं हेच करतोय. या इंजिनात काही बिघाड नाही. ते नुसतं चालू होत नाहीये." मी रोज माझ्या खिडकीवर 'तपासले, दोष आढळला नाही' असं लिहून लोकांना परत पाठवतो. ते वाक्य ऐकायला इतकं भयंकर लागतं याची मला कल्पना नव्हती.

गुरुवारी सकाळी तलावावर धुकं होतं. दहा पावलांपलीकडचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं धक्क्याच्या लाकडांना चाटताना ऐकू येत होतं. ट्रॉली पाण्यात उतरवून बोट सोडली आणि दोराने धक्क्याला बांधली. निरीक्षक फाईल घेऊन आले होते आणि घाईत होते. सासूबाई धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. बायको त्यांच्या मागे उभी राहिली. टाकीत लिटरभर पेट्रोल होतं. मी सीटवर बसलो, घाम पुसला, किल्ली फिरवली. तीनदा खाकरणं. पुन्हा. पुन्हा. धुक्यात तो आवाज लांब जायचा आणि पलीकडून, थोडा उशिरा, परत यायचा. जणू तिकडेही कुणी दुसरी बोट चालू करू पाहत होतं. पाचव्या वेळी निरीक्षक म्हणाले, पुरे. पेनाचं टोपण काढून त्यांनी 'चालू' या शब्दावर टोक टेकवलं.

मला खाली बघवत नव्हतं आणि सासूबाईंकडेही बघवत नव्हतं. त्या उठल्या, निरीक्षकांपाशी गेल्या, पेनासाठी हात पुढे केला. मग माझ्याकडे वळून, एखादी साधी गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "नवं इंजिन बसवू का म्हणून विचारलं होतं त्याने. मी म्हटलं, आहे ते चालतंय ना, कशाला बदलायचं. मीच म्हटलं होतं."

तेव्हा मला कळलं की या अकरा दिवसांत बाईने माझ्याकडे काय मागितलं होतं. मला वाटलं होतं, मुलगा जिवंत असल्याचा पुरावा. तिला हवा होता तो त्या जुन्या इंजिनाने त्याला दगा दिला नाही याचा. आणि मी ते जावयाच्या अब्रूचं काम समजून पार्किंगमध्ये तमाशा करत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"आई, थांब," बायको म्हणाली.

ती धक्क्यावरून बोटीत उतरली. केसांतली चपटी क्लिप काढली. ते लाल बटण, जे आत दबलेलंच असतं असं आम्ही सगळे शहाणे धरून चाललो होतो, ते तिने नखाने बाहेर ओढलं आणि त्याच्या मानेखाली क्लिप अडकवली. "फिरवा आता," म्हणाली.

अर्ध्या किल्लीत इंजिन चालू झालं. निळा धूर सुटला, धुक्यात मिसळला, आणि बोट दोराला ओढ देऊन थरथरायला लागली. दोन वर्षांत एकदाही न थांबल्यासारखं ते चाललं होतं.

बायको उभ्यानेच बोलली. आवाज इंजिनापेक्षा वर काढावा लागत होता, त्यामुळे जे हळू सांगायचं ते तिला मोठ्याने सांगावं लागलं. "इथे एक दोरी असते. एक टोक या बटणाखाली आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं. बोट त्याला सोडून पुढे जाऊ नये म्हणून. इंजिन बिघडलं नव्हतं, आई. तो पडला, आणि बोट थांबली होती. दोरी त्याच्याजवळच आहे."

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मी बसलेय ना त्याच्याबरोबर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बंद लिहून दिलं असतं तर कागदाने सांगितलं असतं. मला तोंडाने म्हणायचं नव्हतं," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यादेखत रडली.

निरीक्षक पेन हातात धरून उभे होते. मग मी खोडू काय, असं त्यांनी हळूच विचारलं. माझा हात क्लिपकडे गेला, कारण इंजिन बंद केल्याशिवाय कुणाचं बोलणं नीट ऐकू येईना.

"बंद करू नका," सासूबाई म्हणाल्या. "चालू राहू दे जरा. धुक्यात माणसाला दिशा कळत नाही. आवाज असला म्हणजे कळते."

मी हात मागे घेतला. त्या परत बाकावर जाऊन बसल्या, हात मांडीवर, तोंड पाण्याकडे. बायको त्यांच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने निरीक्षकही, घाईत असलेले, बाकाच्या टोकाला टेकले. इंजिनाचा आवाज पलीकडे जात होता आणि परत येत होता. मधे एकदा बोट माझ्याखाली एका बाजूला कलली, बाहेरून कुणी काठाला हात टेकवला की कलते तशी, आणि हळूहळू सरळ झाली. मी त्या बाजूला पाहिलं. पाणी होतं. वर पाहिलं तर बाकावरची तिघंही तिकडेच बघत होती.

पाऊण तासाने पेट्रोल संपत आलं. आवाज पातळ झाला, अडखळला, आणि थांबला. आम्ही आणखी थोडं थांबलो. पलीकडून शेवटचा आवाज परत आला आणि मग तोही नाही.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि निरीक्षकांकडे वळल्या.

"कुठे करायची सही?" त्यांनी विचारलं.